जोरकस ठोसेबाजासमोरचे डावपेच शिकवणारा एरंडवण्यातील वर्ग

पुण्यात गेल्या काही वर्षांत बॉक्सिंगच्या नावाने जे वर्ग निघाले आहेत, त्यांतील बहुतेकांत बॉक्सिंग थोडे आणि घाम गाळणे अधिक असते. मोठ्या आवाजात संगीत लावायचे, टांगलेल्या बॅगवर ठोसे मारायचे, मधूनमधून दोरीवरच्या उड्या मारायच्या आणि तासाभराने घरी जायचे, एवढाच त्यांचा कार्यक्रम असतो. वजन उतरवण्यासाठी आलेल्याला तो पुरतोही. पण समोर जिवंत माणूस उभा आहे, त्याच्या हातात आपल्यापेक्षा अधिक जोर आहे आणि तो तो वापरणार आहे, या परिस्थितीचा विचार अशा ठिकाणी क्वचितच होतो. एरंडवण्यात, कर्वे रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीतील जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर भरणारा एक वर्ग मात्र नेमक्या याच परिस्थितीसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम चालवतो. वर्गाला नावाचा फलक नाही. दारावर चपला कुठे काढाव्यात आणि दुचाकी कुठे लावू नये याच्या सूचना तेवढ्या ठळक अक्षरांत आहेत. त्यामुळे या परीक्षणातही त्याचा उल्लेख 'एरंडवण्यातील वर्ग' असाच केला आहे.

अभ्यासक्रम दीड महिन्याचा आहे. आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी सात ते साडेआठ सराव असतो आणि रविवारी सकाळी स्पारिंग, म्हणजे जोडीदाराबरोबर सरावाची लढत. शुल्क साडेसात हजार रुपये असून एका तुकडीत बाराच जण घेतले जातात. किमान वर्षभर बॉक्सिंग केलेल्यालाच प्रवेश मिळतो, आणि ही अट कागदावरची नाही: पहिल्या संध्याकाळी प्रत्येकाला आरशासमोर नुसता पवित्रा घेऊन फिरायला लावतात आणि ज्याचे पाय एकमेकांत अडकतात त्याला, शुल्क परत करून, आधी मूळ वर्गात पाठवतात. शिकवणारे सर लष्करी सेवेतून निवृत्त झालेले आहेत. आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट पुण्यातच असल्याने लष्करात घडलेली बॉक्सिंगची शिस्त या शहराला परकी नाही, आणि 2008 च्या राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा बालेवाडीत झाल्यानंतर स्पर्धात्मक बॉक्सिंगकडे वळलेली मुलेही येथे दिसतात. सरांच्या शिकवण्यात ती शिस्त जाणवते, पण लष्करी म्हटल्यावर जो आरडाओरडा अपेक्षित असतो तो येथे नाही. ते हळू बोलतात, आणि म्हणूनच त्यांचे बोलणे ऐकण्यासाठी सगळे गप्प राहतात.

या अभ्यासक्रमाचा सगळा डोलारा एका विधानावर उभा आहे. जोरकस ठोसा मारणाऱ्याला तीन गोष्टी लागतात: जमिनीवर रोवलेले पाय, योग्य अंतर आणि ठोसा जुळवण्यासाठी क्षणभराची उसंत. यांपैकी एक जरी काढून घेतली तरी त्याच्या हातातील जोर निम्मा होतो, असे सरांचे म्हणणे आहे. निम्मा हा आकडा अर्थातच मोजून काढलेला नाही, पण विधानाचा गाभा खरा आहे. ठोशाचा जोर मुठीत तयार होत नाही; तो मागच्या पायाच्या रेट्यातून सुरू होतो, कमरेच्या वळणातून वाढतो, खांद्यातून हातात येतो आणि मूठ हे त्याचे शेवटचे टोक असते. पाय हलत असतील, किंवा एक पाय हवेत असेल, तर ही साखळी पहिल्याच दुव्यावर तुटते आणि उरतो तो फक्त हाताचा फटका. म्हणून येथे जोरकस खेळाडूविरुद्धचा पहिला धडा बचावाचा नसून त्याचे पाय वाचण्याचा आहे. सर पुन्हा पुन्हा सांगतात, "त्याच्या मुठींकडे बघत बसू नकोस. नजर छातीवर ठेव, म्हणजे खांदे आणि पाय दोन्ही दिसतील." मुठींकडे पाहणारा खेळाडू ठोसा निघाल्यावर हलतो, छातीवर नजर ठेवणाऱ्याला ठोसा निघण्यापूर्वीची हालचाल दिसते. हा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, परंतु मागे टेकलेली टाच उचलली जाणे आणि मूठ आपल्यापर्यंत पोहोचणे यांमधला जो अत्यल्प वेळ मिळतो, तोच बचावाचा सगळा वेळ असतो.

अंतराचा धडा मला या वर्गातील सर्वांत मोलाचा वाटला आणि त्यावर खर्च केलेला जवळजवळ पंधरवडाही योग्यच वाटला. फरशीवर खडूने दोन समांतर रेषा आखलेल्या असतात. एक रेषा समोरच्याचा सरळ ठोसा जिथे संपतो त्याच्या जरा पलीकडे, आणि दुसरी त्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर. या दोन रेषांच्या मधला पट्टा हा जोरकस खेळाडूचा मुलूख. त्यात उभे राहायचे नाही, त्यातून जायचे असेल तर थांबायचे नाही. बाहेरच्या रेषेपलीकडे ठोसा पोहोचताना संपलेला असतो आणि आतल्या रेषेच्या आत तो अजून सुरूच झालेला नसतो. वाचताना हे इतके सोपे वाटते की त्यासाठी पैसे कशाला भरायचे, असा प्रश्न पडावा. उत्तर पहिल्याच सरावात मिळते. घाबरलेला माणूस नेमका त्या मधल्या पट्ट्यातच घुटमळतो, कारण भीतीपोटी तो पाय न हलवता फक्त डोके आणि कंबर मागे नेतो. त्याला वाटते आपण दूर गेलो, प्रत्यक्षात त्याचे पाय तिथेच असतात आणि तोल गेलेला असतो. समोरच्याचा दुसरा ठोसा मग त्याला पूर्ण जोरानिशी सापडतो. आमच्या तुकडीतील अनुभवी मुलेही या खडूच्या रेषांवर उघडी पडली. सर अशा वेळी ठोसेबाजाच्या भूमिकेतील सहायकाला थांबवतात, खेळाडूला आहे त्याच स्थितीत उभे ठेवतात आणि त्याचे पाय कुठे आहेत हे त्यालाच पाहायला लावतात.

आत शिरण्याची त्यांची रीत विशेष लक्षात राहण्यासारखी आहे. क्रिकेटमध्ये फिरकी वळण्याआधीच फलंदाज पुढे सरसावून चेंडू टप्प्यावरच दाबून टाकतो, तसा ठोसा उमलण्याआधीच त्याच्या मुळाशी जायचे, हे तत्त्व. पण सरळ रेषेत आत गेले तर अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, वाट पाहत असतो. म्हणून आधी जॅबची, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशाची, हुलकावणी द्यायची, समोरच्याचा हात उचलला गेला की पुढचा पाय त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला टाकायचा, डोके मधल्या रेषेवरून हटवायचे आणि मगच शिरायचे; शिरल्यावर दोन आखूड ठोसे शरीरावर, आणि लगेच बाजूने बाहेर. मागच्या मागे बाहेर पडणे येथे निषिद्ध आहे, कारण सरळ मागे जाणारा माणूस परतताना पुन्हा त्याच मधल्या पट्ट्यातून जातो. प्रत्येक प्रवेशाबरोबर निर्गमनाचाही मार्ग आधीच ठरलेला असावा, यावर सरांचा कटाक्ष आहे.

कोणत्या दिशेला फिरायचे, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वर्गांत एका वाक्यात दिले जाते आणि ते बहुधा अपुरे असते. डावा पाय पुढे ठेवणाऱ्या खेळाडूचा जड हात उजवा. तो आपल्या डाव्या बाजूला येतो, म्हणून आपण आपल्या उजवीकडे फिरावे, एवढे सगळेच सांगतात. पण उजवीकडे फिरताना आपण त्याच्या डाव्या हूककडे, म्हणजे बाजूने वळून येणाऱ्या ठोशाकडे, चालत जात असतो, हे फार थोडे जण सांगतात. समोरच्याचा खरा घातक हात डावाच असेल तर ही दिशा स्वतःहून संकटात नेणारी ठरते. 8 मार्च 1971 रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकी बॉक्सर जो फ्रेझियरने मोहम्मद अलीला पंधराव्या फेरीत ज्या ठोशाने खाली बसवले तो डावा हूकच होता, आणि फ्रेझियरचा डावा हात घातक आहे हे अलीला ठाऊक नव्हते असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा दिशा ठरवण्यापूर्वी कोणता हात टाळायचा आहे हे निश्चित झाले पाहिजे आणि पहिल्या फेरीचे मुख्य काम तेच, असे या वर्गात शिकवतात. डावखुऱ्या खेळाडूसमोर सगळा हिशेब उलटा होतो, त्यासाठी दोन स्वतंत्र संध्याकाळी राखून ठेवल्या आहेत. त्या थोड्या घाईत उरकल्यासारख्या वाटल्या.

जॅबविषयी मात्र घाई नाही. येथे जॅब गुण मिळवण्यासाठी शिकवला जात नाही, तो समोरच्याची तिसरी गरज, म्हणजे उसंत, हिरावून घेण्यासाठी शिकवला जातो. समोरच्याने पुढचा पाय उचलून अंतर जुळवायला सुरुवात केली की त्याच क्षणी जॅब. तो चेहऱ्यावरच बसला पाहिजे असे नाही, खांद्यावर किंवा छातीवर बसला तरी ज्या पायावर तो भार टाकणार होता तो पाय पुन्हा मागे जातो आणि त्याला सगळी जुळवाजुळव नव्याने करावी लागते. यासाठी सरांनी 11 फेब्रुवारी 1990 च्या टोकियोतील लढतीची चित्रफीत दाखवली. 37 लढतींत अपराजित असलेल्या माइक टायसनला बस्टर डग्लसने दहाव्या फेरीत बाद केले, हा निकाल सर्वांना माहीत असतो. पण तो निकाल शेवटच्या ठोशांच्या मालिकेने लागला असे समजणाऱ्यांनी पहिल्या काही फेऱ्या पाहाव्यात. डग्लसच्या लांब डाव्या हाताने टायसनला त्याच्या आवडत्या अंतरावर स्थिर होऊच दिले नाही, आणि जेव्हा टायसन आत आलाच तेव्हा डग्लसने त्याला मिठी मारून मोकळे होऊ दिले नाही. आठव्या फेरीत डग्लस स्वतः खाली पडला होता, हेही सरांनी आवर्जून दाखवले. डावपेच बरोबर असले म्हणजे ठोसा बसणारच नाही, अशी भाबडी समजूत येथे कोणी करून देत नाही, ही मला या वर्गाची प्रामाणिक बाजू वाटते.

हुलकावणीच्या सरावाबद्दल एक निरीक्षण नोंदवतो. हवेत गेलेला ठोसा बसलेल्या ठोशापेक्षा अधिक दमवतो, कारण बसलेला ठोसा समोरच्याच्या अंगावर थांबतो आणि हुकलेला मारणाऱ्यालाच थांबवावा लागतो. जोरकस खेळाडू प्रत्येक ठोशात सगळे अंग घालतो, त्यामुळे त्याची ही किंमत अधिक. म्हणून खांदा किंचित हलवून, पुढचा पाय आपटून, कधी नुसती नजर खाली नेऊन त्याला मारायला भाग पाडायचे आणि मग तिथे असायचे नाही. हा सराव जोड्यांनी, ठोसे न मारता होतो आणि पाहणाऱ्याला तो काहीसा पोरकट वाटतो. पण तुकडीतील ज्यांना तो जमला त्यांचे स्पारिंग पुढच्याच रविवारी बदललेले दिसले.

चित्रफितींच्या सत्रांकडे वळतो, कारण तेथे माझे सरांशी मतभेद आहेत. त्यांचे सर्वांत आवडते उदाहरण 30 ऑक्टोबर 1974 च्या किन्शासातील लढतीचे आहे. जॉर्ज फोरमन तोपर्यंत 40 लढती जिंकला होता, त्यांतील 37 नॉकआउटने. ज्या फ्रेझियरने अलीला खाली पाडले त्याच फ्रेझियरला फोरमनने 1973 मध्ये दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले होते. अशा माणसासमोर अली रिंगच्या दोरांना टेकून उभा राहिला, त्याचे ठोसे हातांवर आणि बरगड्यांवर घेतले, त्याला दमवले आणि आठव्या फेरीत बाद केले. कथा म्हणून ती अजोड आहे आणि सर ती फार रंगवून सांगतात. त्यांच्या सांगण्यात एक महत्त्वाची दुरुस्ती असते, तिचे श्रेय त्यांना दिले पाहिजे: अली संपूर्ण लढत मार खात उभा नव्हता. पहिल्या फेरीत त्याने डाव्या जॅबची वाट न पाहता थेट उजव्या हाताने वारंवार सुरुवात केली, जी त्या दर्जाच्या लढतीत अनपेक्षित असते. दोरांवर असतानाही तो मधूनमधून नेमके ठोसे मारत राहिला आणि फोरमनची मान खाली ओढून त्याला टेकू घेऊ देत राहिला. ज्याने हे पाहिले नाही आणि केवळ दोरांना टेकणे तेवढे उचलले, तो नुसता मार खातो.

तरीही या एका लढतीला दोन संध्याकाळी देणे मला पटत नाही. ती पंधरा फेऱ्यांची व्यावसायिक लढत होती. या वर्गात येणारी मुले हौशी स्पर्धा खेळतात, आणि तेथे तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात. पाच परीक्षक प्रत्येक फेरीला दहा गुणांच्या पद्धतीने गुण देतात; दोरांना टेकून मार घेणाऱ्याच्या पहिल्या दोन फेऱ्या जातात आणि समोरचा दमेपर्यंत स्पर्धाच संपलेली असते. शिवाय स्पष्टपणे बसलेल्या ठोशांनंतर रेफरी आठपर्यंत मोजणी सुरू करू शकतो, आणि दोरांवर खिळलेल्या खेळाडूवर ती लवकर येते. मी हा मुद्दा सरांपुढे मांडला तेव्हा ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, पण त्या लढतीतनं मुलांना शांत राहणं कळतं." उत्तर चुकीचे नाही. पण शांत राहण्यासाठी जवळचे उदाहरण मिळणार नाही असेही नाही.

त्याऐवजी दोन लढतींना अधिक वेळ मिळावा असे मला वाटते. पहिली 19 जून 1936 ची, जी सरांनी जेमतेम पाऊण तासात संपवली. अमेरिकी बॉक्सर जो लुई तेव्हा अपराजित होता आणि त्याच्यासमोरच्या जर्मन मॅक्स श्मेलिंगला कोणी खिजगणतीत धरत नव्हते. श्मेलिंगने लुईच्या लढतींचे चित्रीकरण बारकाईने पाहून एक खोड हेरली: जॅब मारून परत घेताना लुईचा डावा हात खाली येतो. त्या फटीतून त्याने सबंध लढतीत उजवा हात मारला आणि बाराव्या फेरीत लुईला बाद केले. प्रत्येक जोरकस खेळाडूला अशी एखादी खोड असते, कारण ज्याचे बहुतेक प्रतिस्पर्धी लवकर पडतात त्याला स्वतःच्या चुकांची शिक्षा क्वचितच मिळालेली असते. आणि तीन फेऱ्यांच्या स्पर्धेतही ही खोड शोधता येते, विशेषतः त्याच स्पर्धेतील त्याची आधीची लढत प्रेक्षकांत बसून पाहिली तर. दोन वर्षांनी, 22 जून 1938 रोजी, लुईने त्याच श्मेलिंगला पहिल्याच फेरीत संपवले, हा उत्तरार्धही सांगायला हवा होता. एकदा सापडलेली फट समोरचाही बुजवतो.

दुसरी लढत अलीकडची आहे आणि ती अभ्यासक्रमात मुळीच नाही, ही मला खरी उणीव वाटते. टायसन फ्युरी आणि डिओन्टे वाइल्डर यांच्यातील 2018 ची पहिली लढत बरोबरीत सुटली. फ्युरी बहुतेक वेळ लांब राहून खेळला आणि तरीही नवव्या व बाराव्या फेरीत खाली पडला. 22 फेब्रुवारी 2020 च्या दुसऱ्या लढतीत त्याने उलटेच केले. ज्या वाइल्डरच्या तोवरच्या 42 विजयांपैकी 41 नॉकआउटने मिळालेले होते, त्याच्याच अंगावर तो चालून गेला, त्याला मागे रेटत राहिला, मिठीत आपले वजन त्याच्यावर टाकत राहिला आणि सातव्या फेरीत वाइल्डरच्या कोपऱ्यातून हार मान्य करणारा टॉवेल आला. मागे जाणाऱ्या माणसाला मागचा पाय रोवता येत नाही, आणि ज्याचा सगळा जोर मागच्या पायातून निघतो त्याच्यासाठी मागे जाणे म्हणजे निःशस्त्र होणे. सरांचे स्वतःचे तत्त्व याहून अधिक स्पष्टपणे कुठे दिसणार? आकाराने मोठ्या खेळाडूलाच ते शोभते, हा त्यांचा आक्षेप मान्य करावा लागेल. पण एव्हांडर होलिफिल्ड माइक टायसनपेक्षा फार दांडगा नव्हता आणि 9 नोव्हेंबर 1996 रोजी त्याने टायसनला मागे ढकलतच अकराव्या फेरीपर्यंत नेऊन हरवले.

मिठीचे, म्हणजे क्लिंचचे, शिक्षण चांगले आहे. समोरच्याचे हात बाहेरून न पकडता आपले हात आतून घालावेत, कपाळ त्याच्या खांद्यावर टेकवावे, पाय त्याच्या पायांच्या इतके जवळ असावेत की तो मागे झुकू शकणार नाही, हे बारकावे जोड्या बदलून बदलून घोटून घेतले जातात. हौशी स्पर्धेत वारंवार पकडून ठेवणे नियमबाह्य असून आधी समज आणि मग अधिकृत ताकीद मिळते, हे भानही दिले जाते. जोराचा फटका बसल्यावर डोके ठिकाणावर येईपर्यंत एकदा मिठी, आणि त्याहून अधिक नाही, अशी सरांची मर्यादा आहे. शरीरावरील ठोशांवर तुलनेने कमी भर आहे, तो तीन फेऱ्यांच्या हिशेबाने ठीकच आहे.

आता रविवारच्या स्पारिंगविषयी. ठोसेबाजाची भूमिका करणारा सहायक वजनदार आणि चपळ आहे, आणि त्याने किती जोर लावायचा हे प्रत्येक जोडीमागे सर ठरवून देतात. पहिले तीन रविवार तो जोर लावतच नाही, नुसता वेग आणि धमकी. त्यानंतर हळूहळू वाढवत नेतो. ही पद्धत शहाणपणाची आहे, कारण सुरुवातीलाच खरा फटका बसलेला नवखा खेळाडू पुढे कित्येक महिने डोळे मिटून खेळतो. हातमोजे 16 औंसांचे, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅमचे, असतात. आमच्या तुकडीत दोन ताई होत्या. त्यांच्यासाठी सहायकाचा जोर वेगळा ठरवला जाई, पण धडा तोच असे, आणि खडूच्या रेषांवर त्यांतील एकीचे पाय आम्हा सर्वांपेक्षा अधिक शिस्तीत होते.

मात्र सुरक्षिततेच्या बाबतीत हा वर्ग मला निष्काळजी वाटला आणि ज्याला तो आवडला आहे त्यानेच हे स्पष्ट लिहिले पाहिजे. जोरकस ठोशांना सामोरे जाण्याचा अभ्यासक्रम चालवणाऱ्याने डोक्याला मार लागल्यावर काय करायचे याचा लेखी नियम ठेवायला हवा. येथे तो नाही. एका रविवारी कानशिलावर हूक बसलेला मुलगा, "काही नाही सर, ठीक आहे" म्हणत पुढच्या फेरीला उभा राहिला आणि त्याला उभे राहू दिले गेले. मार लागलेल्या माणसाचे स्वतःच्या प्रकृतीविषयीचे मत अशा वेळी ग्राह्य धरता येत नाही. गरगरणे, उलटीची भावना, अंधारी किंवा गोंधळ यांपैकी काहीही जाणवले तर त्या दिवशीचा खेळ तिथेच संपला पाहिजे आणि डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय पुन्हा स्पारिंग होऊ नये. हेडगार्ड घातले आहे म्हणजे मेंदू सुरक्षित आहे, हा समजही येथे काही जणांत दिसला. हेडगार्ड जखमा आणि सूज कमी करते, पण डोके झटकन वळल्याने कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका ते भरवशाने रोखू शकत नाही. आंतरराष्ट्रीय हौशी स्पर्धांत वरिष्ठ पुरुषांच्या गटातून तर ते 2013 मध्येच काढले गेले. सरांच्या अनुभवावर माझा विश्वास आहे, परंतु अनुभव हा नियमाला पर्याय होऊ शकत नाही, आणि रविवारी सकाळी एखादा डॉक्टर उपस्थित राहील एवढी व्यवस्था या शुल्कात व्हायला हरकत नसावी.

जागेविषयी थोडक्यात सांगायचे तर ती अपुरी आहे. रिंग पूर्ण मापाची नाही, त्यामुळे बाहेरच्या रेषेपलीकडे राहण्याचा सराव करताना पाठ लवकर दोरांना लागते. सर त्याला फायदा म्हणतात, मी म्हणणार नाही. खिडक्या दोनच असून पावसाळ्यात मॅट दमट राहते. वर्गाचे सामायिक हेडगार्ड वापरण्याची वेळ आलीच तर आत पातळ रुमाल बांधावा, नाहीतर घरी गेल्यावरही त्याचा वास सोबत राहतो. दुचाकीसाठी जागा नाही आणि दारावरची सूचना गंभीरपणे अमलात आणली जाते.

ज्याला केवळ व्यायाम हवा आहे त्याने येथे पैसे घालवू नयेत; बॅगवर ठोसे मारण्याचा वेळ या दीड महिन्यात फारच थोडा मिळतो. आंतरमहाविद्यालयीन किंवा जिल्हा पातळीवर खेळणाऱ्या आणि एखाद्या दणकट प्रतिस्पर्ध्याकडून मार खाऊन आलेल्या मुलामुलींसाठी मात्र पुण्यात मला माहीत असलेल्या वर्गांत हा सर्वांत उपयुक्त आहे. चाळिशीपुढच्या हौशी मंडळींनी पायांचे आणि हुलकावणीचे पाठ जरूर करावेत, रविवारी मात्र बाहेर बसून पाहावे. सर त्यासाठी शुल्क थोडे कमी करतात, विचारले तर. स्वतःचा माउथगार्ड, हातांना बांधायच्या पट्ट्या आणि शक्य असेल तर स्वतःचे हेडगार्ड घेऊन जावे. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार आहे. नाव नोंदवायला संध्याकाळी साडेसहाच्या आत पोहोचावे, कारण एकदा वर्ग सुरू झाला की सर दाराशी आलेल्या कोणाशीही बोलत नाहीत.